मुलीच्या रक्तात काय उतरते?

गेल्या महिन्यात कल्याण पूर्वेला एका घरी गेले होते. मुलगी बारावी झालेली, दुकानात हिशेब लिहिते. ठाण्याचे स्थळ आले, पसंती झाली, साखरपुड्याची तारीख तेवढी ठरायची होती. आणि मध्यस्थ बाईंकडून निरोप आला, "मुलीच्या आईला कॅन्सर झाला होता म्हणे. उद्या पोरीच्या रक्तात उतरेल. आम्ही थांबतो." आईच्या गालाचे ऑपरेशन होऊन तीन वर्षे झाली. बाई बरी आहे, घरचे सगळे करते. पण त्या दिवशी पदराने गाल झाकून बसली होती. मला म्हणाली, "ताई, माझ्यामुळं पोरीचं मोडलं. खरंच उतरतं का हो हे तिच्यात?"

पूर्वजन्मीचे भोग वगैरे बोलणे आपल्या घरांतून गेले. पण 'खानदानी रोग' हे बोलणे अजून गेलेले नाही. म्हणून आजचे सदर या बाईच्या प्रश्नावर.

आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा एक मजकूर असतो. अक्षरे चारच, पण मजकूर सुमारे ३०० कोटी अक्षरांचा. एका पेशीच्या दोन पेशी होताना हा सगळा मजकूर नव्याने उतरवला जातो. उतरवताना चुका होतात. बऱ्याच चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते, राहिलेल्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. पण वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकांतच एकामागून एक बिघाड झाले, तर ती पेशी थांबायचे विसरते आणि वाढतच जाते. तोच कर्करोग.

आता हा बिघाड आईबापांकडून आला की नंतर झाला, हे कसे ओळखायचे? जन्मतः आलेला बिघाड सगळ्या शरीरात असतो, रक्तातही सापडतो. नंतर झालेला फक्त त्या गाठीत सापडतो. म्हणून रुग्णाचे रक्त आणि गाठीचा तुकडा दोन्ही तपासून मजकूर ताडून पाहतात. जगातल्या अनेक देशांनी कर्करोगाचे प्रकार वाटून घेऊन हे काम केले, तेव्हा भारताने आपल्याकडे फार दिसणारा गाल आणि हिरडीचा कर्करोग घेतला. टाटा मेमोरियलची खारघरची संशोधन संस्था आणि बंगालमधल्या कल्याणी येथील संस्था यांनी मिळून ते केले. २०१३ साली ११० रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या गाठींत पुन्हा पुन्हा बिघडलेली दिसणारी जनुके त्यातून कळली, आणि ते बिघाड गाठीत झालेले होते.

गालाच्या पेशीत झालेला बिघाड पोटातल्या बाळाकडे जात नाही. बाळाला मजकूर मिळतो तो बीजातून, आणि गालाचा आणि बीजाचा काही संबंध नाही.

याच्याही पुढे शास्त्र गेले आहे. वागळे इस्टेटमध्ये लेथवर काम केलेल्या माणसाला विचारा. जॉबवरचा चरा पाहून तो सांगेल, टूलची धार गेली होती की मशीन थरथरत होते. डीएनएवरचे चरेही तसेच वाचता येतात. २०१३ मध्येच इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी सात हजारांवर गाठी तपासून अशा चऱ्यांचे वीसेक ठसे वेगळे काढले. उन्हाचा ठसा वेगळा, विडी-सिगारेटच्या धुराचा वेगळा. काही ठसे नुसत्या वयाचे, त्यात दोष कुणाचाच नाही. आणि २९ क्रमांकाचा एक ठसा तंबाखू चघळणाऱ्यांच्या गाल-हिरडीच्या गाठींत दिसला. रोज एक पाकीट सिगारेट वर्षभर ओढली, तर फुफ्फुसाच्या एकेका पेशीत सरासरी १५० आणि तोंडाच्या पेशीत २३ बदल साचतात, असा हिशेब २०१६ साली मांडला गेला.

ती बाई सिगारेट ओढत नव्हती. मशेरी लावत होती, लग्नाआधीपासून. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची, सकाळी बोटाने दातांना. "लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" हे तर घरोघरचे वाक्य. तंबाखू मुळात घातक, भाजल्यावर त्यात धुरातलीही विषे तयार होतात. परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुमती भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकातच मशेरी जनुकांत बदल घडवते हे प्रयोगाने दाखवले होते. आपल्या स्वयंपाकघरापर्यंत ते पोचायला एवढी वर्षे का लागावीत, याचा मला राग येतो.

एकाच घरात सासूला झाला, मग सुनेलाही झाला, असे दिसते. सासू-सुनेचे रक्त एक कुठून असणार? डबी एक असते. (निरोप घेऊन आलेल्या बाईंच्या पिशवीतही मशेरीची डबी होती, असे मला त्या आईनेच सांगितले.)

कोणताच कर्करोग उतरत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. शंभरातले साधारण पाच ते दहा जन्मतः आलेल्या बिघाडामुळे होतात. स्तन आणि बीजांडकोशाच्या कर्करोगातली बीआरसीए ही दोन जनुके त्यातलीच. बिघाड आईकडून येतो तसा बापाकडूनही, आणि प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, तो येण्याची शक्यता निम्मी. घरात दोघी-तिघींना, तेही चाळिशीच्या आत झाला असेल, तर डॉक्टरांना तसे सांगावे. रक्ताची तपासणी होते. बिघाड निघाला तरी रोग होईलच असे नाही, पण वेळेवर लक्ष ठेवता येते.

त्या बाईला मी हेच सांगितले. मुलीकडे तिचा गाल उतरणार नाही, मशेरी उतरू देऊ नको. मुलगी आतून म्हणाली, "मी कधीच लावली नाही." आईने तेव्हा पदर खाली घेतला.

ज्या अजून लावतात, त्यांनी उजेडात आरसा धरून तोंड पाहावे. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा उभी तीन बोटे तोंडात जात नसतील, तर दुखत नाही म्हणून थांबू नये. सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात दाखवावे.

डोंबिवलीच्या एका भगिनीने स्तनातल्या गाठीविषयी विचारले आहे. त्यावर पुढच्या अंकात.