मैदान पाहुण्याने मारले

३ ऑगस्ट २०२४. शनिवारची रात्र. आमच्या घरी जेवणे टीव्हीसमोरच चालली होती, कारण मुलांनी पॅरिस ऑलिंपिकमधला ज्युदो लावला होता. मिश्र सांघिक स्पर्धेची अंतिम लढत, फ्रान्स विरुद्ध जपान. सहा कुस्त्यांनंतर तीन-तीन अशी बरोबरी. सातवी कुस्ती कोणत्या वजनगटाची, हे पडद्यावर फिरणारे चक्र ठरवणार होते. ते थांबले नव्वद किलोंवरच्या गटापाशी. म्हणजे फ्रान्सचा अजस्र तेदी रिनेर आणि जपानचा तात्सुरू साइतो. १९८४ आणि १९८८ अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणाऱ्या हितोशी साइतोचा हा मुलगा. रिनेरने त्याला याच लढतीत एकदा हरवले होते. पुन्हा हरवले आणि प्रेक्षागार दणाणून गेले.

धाकट्याने भाजी चिवडत विचारले, "बाबा, ज्युदो तर जपानचा ना? मग जपान हरतो कसा?"

प्रश्न पोराचा असला तरी पोरकट नाही. साऱ्या जपानने तो १९६४ साली स्वतःला विचारला होता. जिगोरो कानो या शिक्षकाने १८८२ मध्ये जुन्या जुजुत्सूतले घातक डाव वगळून ज्युदो बांधला. ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पहिले आशियाई सदस्य. १९३८ मध्ये समितीच्या बैठकीहून परतताना बोटीवरच वारले. टोकियोत १९६४ मध्ये ज्युदो ऑलिंपिकमध्ये आला तेव्हा चार सुवर्णपदके होती. तीन वजनगट जपानने जिंकले. चौथा खुला गट, आपल्याकडच्या खुल्या कुस्तीसारखा, वजनाची अट नसलेला. खरी प्रतिष्ठा तिथेच.

त्या गटात उट्रेख्टच्या अंतोन गेसिंकने अकिओ कामिनागाला गादीवर जखडून ठेवले आणि बुदोकान सभागृह चिडीचूप झाले. आनंदाने बेभान झालेले डच पाठीराखे गादीकडे धावले, तेव्हा गेसिंकने हात वर करून त्यांना तिथेच थांबवले. आधी हरलेल्या प्रतिस्पर्ध्याला वाकून नमस्कार, मग बाकीचे. ज्युदोचा रिवाज यजमानांच्या घरात पाहुण्याने पाळला. माझ्या मते ज्युदो खऱ्या अर्थाने जगाचा झाला तो त्या क्षणी. जपानच तेव्हा जिंकला असता, तर हा खेळ ऑलिंपिकमध्ये पाहुणचारापुरताच उरला असता.

अर्थात जपानने हे हसत स्वीकारले, असे समजण्याचे कारण नाही. पंचांना आणि प्रेक्षकांना ओळखणे सोपे जावे म्हणून दोघांपैकी एकाने निळा पोशाख घालावा, ही सूचनाही गेसिंकचीच. पांढरा रंग म्हणजे मनाची शुद्धता, असे म्हणत जपानने तिला वर्षानुवर्षे विरोध केला. १९९७ मध्ये ती तरीही मंजूर झाली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जपानी पुरुषांना एकही सुवर्ण मिळाले नाही. आता तर फ्रान्समध्ये नोंदलेले ज्युदोपटू जपानहून कितीतरी जास्त आहेत. पॅरिसमध्येच उता आबे ही टोकियोची सुवर्णविजेती दुसऱ्या फेरीत उझबेकिस्तानच्या दियोरा केल्दियोरोव्हाकडून हरली आणि गादीच्या कडेला अक्षरशः हंबरडा फोडून रडली. जिंकलेलीने मात्र जल्लोष केला नाही.

हे सारे आपल्याला दूरचे वाटते. तसे ते नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिनला कबड्डी दाखवली, तेव्हापासून आपल्याला ती ऑलिंपिकमध्ये हवी आहे. २०३६ चे ऑलिंपिक भारतात आले तर ती मागणी पुन्हा जोर धरेल. पण आपली तयारी कशाची आहे? २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत इराणने आपल्या पुरुषांना उपांत्य फेरीत आणि महिलांना अंतिम सामन्यात हरवले, तेव्हा आपल्याकडे घरात चोरी झाल्यासारखा आरडाओरडा झाला. इराणच्या त्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन! आपल्या बाईंनी परक्या मुलींना आपला खेळ इतका उत्तम शिकवला, याचा अभिमान वाटलेले फार थोडे भेटले. खरे सांगायचे तर त्या दिवशी मलाही वाटला नव्हता. २०२३ मध्ये हांगझोऊला आपण दोन्ही सुवर्णपदके परत आणली, पण इराणविरुद्धचा पुरुषांचा अंतिम सामना गुणांच्या वादात बराच वेळ अडकून पडला. गेसिंकच्या वर झालेल्या हातासारखे काही तिथे दिसले नाही.

हे सगळे मी धाकट्याला सांगायला लागलो, पण तो केव्हाच हात धुऊन खाली खेळायला पळाला होता. गॅलरीतून पाहिले तर सोसायटीच्या आवारात कबड्डी रंगली होती आणि आमचे चिरंजीव चढाईला आलेल्याचा घोटा धरून ओरडत होते, "मी फझल, मी फझल!" फझल अत्राचली. जाकार्तात आपल्याला हरवणाऱ्या इराणी संघातला, आणि पुढे यू मुंबाचा कर्णधार झालेला.