अडतें तें कोठें?

पडद्यावरील चित्र मध्येंच थबकून वाटोळें चक्र फिरूं लागलें, कीं घरांत निकाल तत्काळ लागतो: कंपनी फसवीत आहे, मोठा प्लॅन घ्या. साक्षीपुराव्यावांचून दिलेला हा निकाल पुष्कळदां चुकीचा असतो, आणि त्याचा दंड मात्र दर महिन्यास भरावा लागतो, असें माझें मत आहे. ज्या घरीं मुलांचीं पुस्तकें घेतांनाही हात आंखडावा लागतो, तेथें हा खर्च लहान नव्हे. म्हणून विद्यार्थ्यांनीं या गोष्टीचा छडा स्वतः लावावा व मगच वडीलधाऱ्यांस खर्चांत पाडावें.

व्हिडिओ अखंड धारेनें येत नाहीं. कांहीं सेकंदांचे तुकडे येऊन यंत्रांत सांठतात, व आपण पाहतों तो हा सांठा. खर्चाच्या मानानें आवक पुरेनाशी झाली कीं प्रथम चित्र अंधुक होतें, कारण सेवा आपण होऊनच हलक्या प्रतीचे तुकडे धाडूं लागते. सांठा अगदींच संपला म्हणजे चक्र फिरतें. आतां वेग लागतो किती? नेटफ्लिक्स आपल्या ग्राहकांस सांगते कीं, १०८० रेषांच्या चित्रास सेकंदास ५ मेगाबिट व फोर-के चित्रास १५ मेगाबिट असावे. मग १०० मेगाबिटांच्या घरांत एकुलता एक चित्रपट अडतो, तो प्लॅन लहान म्हणून खासच नव्हे. (येथें अनेकांचा एक गोंधळ होतो. एक मेगाबाइट म्हणजे आठ मेगाबिट. १०० च्या प्लॅनवर फाईल उतरवितांना १२ चा आंकडा दिसला, तर कोणीं लुबाडलेलें नसतें.)

कसोटी सोपी आहे. घरांतील इतर मोबाईल क्षणभर स्वस्थ ठेवावे. राउटरपासून संगणकापर्यंत तार जोडावी, संगणकाचें वायफाय बंद करावें, आणि नेटफ्लिक्सनें २०१६ मध्यें सुरू केलेल्या फास्ट डॉट कॉम या विनामूल्य स्थळावर वेग मोजावा. मग राउटरजवळ बसून वायफायवर मोजावा, आणि शेवटीं जेथें चित्र अडतें त्या खोलींत. तिन्ही आंकडे वेळेसह वहींत लिहावे. तारेवर वेग पुरा व खोलींत तुटका, तर कंपनी निर्दोष आहे. चोर घरांतच आहे.

तो बहुधा राउटरच्या जागेंत सांपडतो. घराची शोभा जाऊं नये म्हणून त्यास लोखंडी कपाटांत, दूरचित्रवाणीच्या मागें किंवा पाण्याच्या पिंपाशेजारीं कोंबतात. लोखंड व पाणी दोन्ही या लहरींचे वैरी. उघड्यावर, उंच व घराच्या मध्यभागीं ठेवण्यास दमडीही पडत नाहीं. दुसरी गोष्ट वायफायच्या पट्ट्यांची. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतींतून बरी जाते, पण तिच्यांत एकमेकींवर न चढणाऱ्या वाटा तीनच, १, ६ व ११. आणि मोठ्या इमारतींतील सारीं बिऱ्हाडें तेथेंच दाटी करितात. मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्टींत चालते. आमटी गरम होत असतां चित्र अडलें तर नवल नाहीं. ५ गिगाहर्ट्झची पट्टी मोकळी, पण जाड भिंतीपुढें दुबळी. जवळ बसणाऱ्यानें ती घ्यावी. आणि दूरचित्रवाणी राउटरच्या हाताशींच असेल, तर वायफायचा हव्यास तरी कशास? सरळ तार लावावी.

तारेवरही वेग तुटका दिसला, तर गोष्ट निराळी. पहांटे पुरा व रात्रीं नवाच्या सुमारास तुटका, असें चार दिवस आढळलें, तर गर्दी बहुधा घराबाहेर आहे. कपाट हलवून उपयोग नाहीं. अशा वेळीं जाहिरातींतील ‘पर्यंत’ हा शब्द पाहावा. व्याकरणांत तें एक गरीब शब्दयोगी अव्यय. ‘१०० पर्यंत’ म्हणतांना कंपनीचा सारा बोजा तेंच वाहतें! तोंवर मुलांच्या धड्यासाठीं चित्र ४८० रेषांवर उतरवावें. २०२० च्या मार्चांत, टाळेबंदीच्या काळीं, भारतांतील मोठ्या व्हिडिओ-सेवांनीं मोबाईलच्या जाळ्यावर हेंच केलें होतें, आणि फळ्यावरील ठळक अक्षर तेवढ्यांत वाचतां येतें.

तक्रारीच्या फोनवर प्रथम राउटर बंद करून पुनः चालू करावयास सांगतील. तें करावें, त्यानें कधीं कधीं खरोखरच गुण येतो, व आपला मानही जात नाहीं. नच आला, तर वही उघडून तारेवरचे आंकडे तारीखवार व वेळेसह वाचून दाखवावे, आणि तक्रारीचा क्रमांक मागून घेऊन त्याच पानावर टिपून ठेवावा.