बॉयलरची पूजा झाली, तपासणीचं काय?

दसरा-दिवाळीच्या सुमारास वर्तमानपत्रात एक बातमी हमखास असते: अमुक साखर कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपन उत्साहात संपन्न. पूजा, फेटे, भाषणं, फोटो. पण तो बॉयलर पेटवण्याआधी तपासला कसा, हे त्या बातमीत कधी वाचलंय का? मी तरी नाही.

घरातला कुकर आठवा. पाण्याची वाफ झाली की मोकळ्या हवेत तिला सुमारे १६०० पट जागा लागते. बंद भांड्यात ती मिळत नाही, म्हणून दाब वाढतो. कारखान्याचा बॉयलर म्हणजे याच तत्त्वावरचं अजस्र भांडं.

त्यातले दोष बाहेरून दिसत नाहीत, हीच खरी अडचण. नळ्यांत क्षार साचले की उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, धातू जास्त तापतो आणि नळी फुगते. पाइपचा बेंड आतून झिजतो. इन्सुलेशनखाली ओल शिरून गंज चढतो, वरून मात्र सगळं चकाचक! म्हणून थंड बॉयलरमध्ये शिरून आतून बघावं लागतं, पत्र्याची जाडी मोजावी लागते, सेफ्टी व्हॉल्व्ह वेळेवर उघडतो की नाही ते पाहावं लागतं. शिवाय कामाच्या दाबापेक्षा जास्त दाबाने हायड्रॉलिक टेस्ट होते. ती हवेने न करता पाण्याने का करतात? पाणी जवळजवळ दबतच नाही. गळती झाली तर दाब लगेच उतरतो. दाबलेली हवा मात्र स्फोटासारखी बाहेर पडते.

हे नियम सहज आलेले नाहीत. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं गेली, तेव्हा कुठे १८६४ मध्ये बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला. पुढे १९२३ चा देशव्यापी कायदा आला आणि आता त्याच्या जागी २०२५ चा.

पण कायद्याचा कागद भिंतीवर लावून भागत नाही. बॉयलर अटेंडंट असलेला माझा एक जुना विद्यार्थी म्हणाला, "सर, गळती दिसली, बॉयलर थांबवा म्हटलं, की पहिला प्रश्न येतो: गाळप किती बुडणार?" हा प्रश्न खोटा नाही. कारखाना थांबला की तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं आणि नुकसान शेतकऱ्याचं होतं. म्हणूनच माझं मत असं, की हंगाम बंद असतानाची दुरुस्ती उरकून टाकू नये. तिथे वाचवलेले चार दिवस आणि चार पैसे ऐन गाळपात महागात पडतात. आणि तरीही गळती दिसलीच, तर "थांबवा" म्हणणाऱ्या माणसाचं ऐकलं पाहिजे. उसाचं वजन घटलं तर ते पैशांनी भरून देता येईल, अटेंडंटचा जीव कसा भरून देणार?

तुमच्यापैकी काही जण उद्या आयटीआयला जातील, कारखान्यात लागतील. सवय आजपासून लावा. घरी कुकर थंड असताना आईसोबत शिट्टीची नळी, रबरी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बघा. काय दिसलं ते वहीत चार ओळींत लिहून आणा.