रिव्हॉल्व्हर कितीला जाईल?

परवा लोणावळ्याहून येताना कामशेतला मावशीकडे थांबलो. बाहेर धो धो पाऊस, आत कांदाभजी, आणि मावसभाऊ मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला. आजोबांच्या कपाटातल्या वेब्लीची किंमत शोधत होता. "अमेरिकेत लिलावात काय भाव आहे बघ! रुपयात किती झाले?"

ही वेब्ली म्हणजे १९१५ साली ब्रिटिश लष्कराने घेतलेलं मार्क सहा रिव्हॉल्व्हर, .४५५ बोअरचं. पणजोबा सुभेदार होते, मेसोपोटेमियात लढून आले. परवाना आजोबांच्या नावावर. आजोबा आता नाहीत.

आपली गंमत अशी की घर असो वा शेअर, पहिला प्रश्न 'कितीला जाईल?'. अरे, पण घेणार कोण? आपल्याकडे .४५५ बोअर 'प्रतिबंधित' आहे. घेणाऱ्याकडे केंद्र सरकारची खास परवानगी हवी. म्हणजे गिऱ्हाईक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. परदेशी पाठवावं, तर शंभर वर्षं उलटलेली वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते, खाजगी माणसाला ती बाहेर नेता येत नाही. मग तो डॉलरचा आकडा आपल्या काय कामाचा?

"पण अँटिक आहे ना, परवाना कशाला लागतो?" हा दुसरा गोड गैरसमज. १९५९ च्या शस्त्र कायद्यात सूट आहे, पण दुरुस्ती करूनही झाडता येणार नाही अशाच शस्त्राला. नुसतं जुनं असून भागत नाही. आमचं तर अजून खटके मारतं!

त्यामुळे क्रम असा. आधी जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ते जमा करा, पावती घ्या. मग वारसाने हक्काचे कागद करायचे. विकायचंच असेल तर लेखी कळवून ४५ दिवस थांबा. किंमत त्यानंतर. आणि तोवर कृपा करून ब्रासो लावू नका! मूळ रंग, नंबर आणि शिक्के यांवरच जाणकार भाव ठरवतो. अमेरिकेत अशा कित्येक रिव्हॉल्व्हरांचं सिलिंडर .४५ ची गोळी बसावी म्हणून तासलंय, त्यांचा भाव पडतो. मोबाईलवरच्या फोटोत हे दिसत नाही.

भाऊ चिडला. "शंभर वर्षांच्या वस्तूला आणि गुंडाच्या पिस्तुलाला एकच कायदा?" त्याचं चूक नाही. संग्राहकांसाठी वेगळी सोपी वाट हवी, असं मलाही वाटतं. पण त्यासाठी अर्ज करा, भांडा, लिहा. कपाटात दडवून ठेवणं हा त्यावरचा उपाय नाही. उद्या छापा पडला तर पणजोबांचा पराक्रम कोण ऐकून घेणार? केस मावशीवर होईल.

सोमवारी तो ठाण्यात जाणार आहे. पणजोबांची पत्रं आणि चामडी म्यान मात्र मी मागून घेतली. त्यांना परवाना लागत नाही.