लाल दिवा लागला तर

अर्जाच्या ऐन शेवटच्या दिवशी घरचे इंटरनेट बंद पडले की कोणी राउटर आपटतो, कोणी मुलांवर ओरडतो. तसे करू नका; आधी दिवे पाहा.

‘एलओएस’ या इंग्रजी अक्षरांजवळचा दिवा लाल असेल, तर दोष बहुधा तारेत असतो. भिंतीपासून राउटरपर्यंतची बारीक तार पाहा. कपाटामागे दुमडली असेल तर हलकेच सैल करा. पुष्कळदा तेवढ्यानेच भागते. उंदराने कुरतडली असेल किंवा रस्त्यावर कडब्याच्या ट्रॉलीत अडकून तुटली असेल, तर मात्र हात लावू नका. आपल्याकडे १९९५ साली टेलिफोनवरून इंटरनेट मिळू लागले, तेव्हा तांब्याची तार पिळून चिकटपट्टी लावली की खरखरत का होईना, मोडेम जोडला जाई. ही तार काचेची आहे. तुटका कण बोटात रुततो, आणि टोकाला डोळा लावणे तर धोक्याचेच. पक्का सांधा यंत्रावर वितळवून करतात, केबलवाल्याला बोलवा.

दिवा लाल नसेल, तर राउटर बंद करून मिनिटभराने पुन्हा चालू करा. एकही दिवा लागत नसेल तर प्लग आणि अॅडाप्टर तपासा.

आणि अर्ज तेवढा मोबाईलवरून भरून टाका. केबलवाला आज येईलच असे नाही.