‘बिचारी’ म्हटल्यानंतर

गेल्या वर्षी रमजानच्या थोडं आधीची गोष्ट. आठवीची हजेरी घेत होते. एक मुलगी सलग बाराव्या दिवशी गैरहजर होती. वर्गात विचारलं, तर मुली म्हणाल्या, "टीचर, तिचे अब्बा वारले ना. अम्मी हळदीच्या कामाला जाते, ती घरी भावाला सांभाळते." माझ्या तोंडून शब्द निघाला, "बिचारी!" आणि मी पुढचं नाव घेतलं.

वसमतला हळदीचा हंगाम सुरू झाला की मोंढ्यात पाय ठेवायला जागा नसते. त्याच दिवसांत आमच्या वर्गातले बाक रिकामे होऊ लागतात. हे आम्ही शिक्षक दरवर्षी पाहतो, हळहळतो आणि शेरा लिहून मोकळे होतो.

रमजानमध्ये आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढली. पीठ, साखर, तेल, खजूर, शेवया अशा पिशव्या भरल्या. तिच्या घरी मी स्वतः गेले. तिनं दारातच पिशवी घेतली, सलाम केला आणि हळूच विचारलं, "टीचर, चाचणी झाली का?"

मला उत्तर देता आलं नाही. तिला काय हवं होतं हे मी विचारलंच नव्हतं. माझ्याकडे देण्यासारखं जे होतं, ते मी देऊन आले होते.

त्या रात्री मला पंडिता रमाबाई आठवल्या. बीएडला असताना त्या आमच्यासाठी परीक्षेतली एक टीप होत्या: जन्म १८५८, शारदा सदन १८८९, मुक्ती मिशन केडगाव. तेवढं पाठ केलं आणि विसरले. पुण्याला जाताना रेल्वेनं दौंड सोडलं की थोड्या वेळानं केडगाव लागतं. कितीदा तिथून गेले, पण खिडकीतून बघण्यापलीकडे काही केलं नाही.

१८७०च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. भूक काय असते हे त्या पुस्तकात शिकल्या नव्हत्या. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या पुण्यात शारदा सदन चालवत होत्या. तिथं बसून निधी गोळा करून पाठवला असता तरी कोणी नावं ठेवली नसती. पण त्या स्वतः तिकडे गेल्या. उपाशी, अनाथ, विधवा अशा शेकडो मुली-बायका त्यांनी सोबत आणल्या आणि केडगावच्या माळावर त्यांची सोय केली. पुढच्या दुष्काळात ही संख्या आणखी वाढली.

मला मोठं वाटतं ते त्यानंतरचं काम. त्या मुलींना लिहायला-वाचायला शिकवलं. शेती, विणकाम, छापखान्याचं काम शिकवलं. अंध मुलींसाठी ब्रेल आणलं. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं, ते मुक्तीतल्या बायकांनीच खिळे जुळवून छापलं. एकेकाळी अन्नाला महाग असलेल्या मुली पुस्तक छापू लागल्या. एका दिवसाच्या जेवणानं हे होत नाही. त्याला वर्षं द्यावी लागतात.

इथं कोणीतरी म्हणेल, "पण त्यांनी धर्मांतर केलं ना?" हा प्रश्न जुना आहे. १८९३ साली शारदा सदनावर याच कारणावरून मोठं वादळ उठलं, रानडे आणि भांडारकरांसारखे लोक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. उपाशी माणसाकडून घासाच्या बदल्यात श्रद्धा मागू नये, असं माझंही मत आहे. पण हा आक्षेप घेण्याआधी मी स्वतःला विचारते: दुष्काळात त्या मुलींच्या दारी आपल्यापैकी कोण गेलं होतं? आणि आज आपण मदतीची यादी करतो, तेव्हा गल्लीच्या पलीकडच्या बिगरमुस्लिम विधवेचं नाव त्यात असतं का? जकातीचे नियम वेगळे आहेत, मान्य. पण सदका तर कोणालाही देता येतो.

ख्रिस्ती माणसाला ही शिकवण मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात मिळते. भुकेल्याला, आजाऱ्याला, तुरुंगातल्याला जे दिलं ते मलाच दिलं, असा तिथला आशय. आपल्याकडे सहीह मुस्लिममध्ये हदीस आहे: कयामतच्या दिवशी अल्लाह बंद्याला विचारेल, मी आजारी होतो, तू आला नाहीस, मी भुकेला होतो, तू जेवू घातलं नाहीस. बंदा चकित होईल, तेव्हा त्याला अल्लाहच्या आजारी आणि भुकेल्या बंद्यांची आठवण दिली जाईल. दोन्हीकडे तुला किती वाईट वाटलं, हा प्रश्नच नाही. तू गेलास का, एवढंच विचारलंय.

म्हणून मी पुन्हा गेले. या वेळी रिकाम्या हातानं गेले आणि तिच्या अम्मीजवळ बसले. अडचण पैशाची होतीच, पण शाळा सुटली होती ती धाकट्या भावामुळे. त्याला तीन वर्षं पूर्ण व्हायला काही महिने कमी होते, अंगणवाडीत नाव लागत नव्हतं. शेजारच्या खालाजान दुपारपर्यंत त्याला सांभाळायला तयार झाल्या. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं! ज्या दिवशी त्यांना जमायचं नाही, त्या दिवशी तो माझ्या वर्गात मागच्या बाकावर पाटी घेऊन बसायचा. मुख्याध्यापक दोनदा कुरकुरले, मग त्यांनीच त्याला खडू दिला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. हंगामाच्या दिवसांत ती आठवड्यातून चारच दिवस यायची. पण वार्षिक परीक्षेला बसली आणि आज नववीत आहे. दहावीपर्यंत मला तिच्या घरी अजून कितीदा जावं लागेल, माहीत नाही.

वाचकहो, जकात द्या, पिशव्या भरा, ते थांबवू नका. फक्त ईदनंतर महिन्याभरानं त्यातल्या एका दारावर पुन्हा थाप द्या. हातात काही नसलं तरी चालेल. आत बसा आणि विचारा, नेमकं काय अडलंय?