निवड न झालेल्यांचा रविवार



दिवाळी झाली, फराळाचे डबे रिकामे झाले आणि शाळांच्या स्पर्धांचा हंगामही जवळजवळ आटोपला. आपल्यापैकी अनेकांच्या घरी या दिवसांत कपाटावर एखादा कप नाहीतर भिंतीवर एखादं प्रमाणपत्र वाढलं असेल. त्या सगळ्या मुलांचं मनापासून अभिनंदन! आजचं सदर मात्र ज्यांचं नाव यादीत आलं नाही त्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी.

आमच्या घरात असं एक मूल आहे. धाकटी नववीत आहे आणि चौथीपासून मल्लखांब करते. यंदा जिल्ह्यापर्यंत गेली, संभागाच्या संघात तिचं नाव नव्हतं. घरी आली, पिशवी कोपऱ्यात टाकली आणि म्हणाली, "आई, आता मी सकाळी कशाला जाऊ?" रडली वगैरे नाही, सरळ हिशेबच मांडला. निवडलेल्या मुलींचा सराव सुरू झाला होता, खांब त्यांच्यासाठी राखून ठेवला होता आणि बाकीच्यांना "सध्या येऊ नका" असं सांगितलं होतं. त्यातच कोचिंगवाल्यांनी नववीच्या मुलांची रविवारी सकाळी टेस्ट सुरू केली. म्हणजे एकाच आठवड्यात खेळही सुटणार आणि रविवारही जाणार.

शाळेची अडचण समजते. खांब एक, सर एक आणि मुली वीस. शालेय स्पर्धांची रचनाच चाळणीसारखी आहे. 14, 17 आणि 19 वर्षांखालचे गट. आधी शाळा, मग जिल्हा, संभाग, राज्य आणि शेवटी राष्ट्रीय. प्रत्येक पायरीवर थोडी मुलं पुढे जातात आणि बरीचशी घरी येतात. स्पर्धा म्हटली की हे होणारच. पण जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत 5 ते 17 वर्षांच्या प्रत्येक मुलाने रोज सरासरी 60 मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी असं म्हटलंय. संघात निवड झालेल्यांनीच करावी, असं काही त्यात लिहिलेलं नाही!

माझी नणंद ऑकलंडला असते. तिच्याकडे शनिवारची सकाळ म्हणजे नेटबॉल. मैदानावर एकाच वेळी कितीतरी सामने चालू असतात. चांगलं खेळणाऱ्यांचा एक संघ, मध्यम खेळणाऱ्यांचा दुसरा, आणि ज्यांच्या हातात चेंडू टिकत नाही त्यांचाही एक. आईबाप कडेला उभे राहून ओरडतात आणि मध्यंतरात संत्र्याच्या फोडी वाटतात. तिची मुलगी अगदी शेवटच्या संघात आहे, पण शनिवारी एकदाही घरी बसलेली नाही. नणंदेचं हे बोलणं ऐकताना मला वाटलं, आपल्याकडे शेवटचा संघच नसतो. पहिल्या बारांत नसलात की तुम्ही प्रेक्षक.

मग आमच्यापुरता आम्ही एक शेवटचा संघ काढला. त्याचं मैदान मांडू.

आम्ही राहतो देवासला, माझं माहेर धारचं. शनिवारी संध्याकाळी धारला पोचायचं, आईच्या हातचं जेवायचं आणि रविवारी उजाडायच्या आत निघायचं. धारहून मांडू 35 किलोमीटर. काकडा खोहची दरी ओलांडून एकामागून एक दरवाजे लागायला लागले की मुलं आपोआप जागी होतात. सातच्या सुमारास गावातल्या चौकात गाडी उभी करायची, पोहे खायचे आणि तिथून पुढे गाडीला हात लावायचा नाही, हा एकच नियम.

चौकातून दक्षिणेकडे रूपमती मंडपापर्यंत पाच-सहा किलोमीटर पडतात. जाऊन-येऊन दहा-बारा. ज्यांना चालायचं नसेल त्यांच्यासाठी चौकात भाड्याच्या सायकली मिळतात. वाटेत सागर तलाव आहे आणि दाई महालाजवळ प्रतिध्वनीची जागा आहे. तिथे प्रत्येक जण आपापलं नाव ओरडतो, म्हणजे दम किती उरलाय तेही कळतं. रस्त्याच्या कडेला ती जाड खोडाची झाडं, मूळची आफ्रिकेची, जिला सगळे मांडूची इमली म्हणतात. एका खोडाला आम्हा पाच जणांच्या हातांची साखळी पुरली नाही. मग पलीकडे फळं विकायला बसलेल्या दोन मुलींना बोलावलं, तेव्हा कुठे वेढा पूर्ण झाला. त्या मुलींनी नंतर माझ्या दोघांना चढावर शर्यतीत आरामात मागे टाकलं. त्यांच्या पायांत साध्या चपला होत्या. धाकटी धापा टाकत म्हणाली, "आई, यांना कोणी संघात का नाही घेत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटी रूपमती मंडप. कड्याच्या टोकावर उभं राहिलं की खाली सगळं निमाड पसरलेलं दिसतं आणि हवा स्वच्छ असेल तर दूरवर नर्मदेची बारीक रेघ. एवढं चालून आल्यावर ती रेघ शोधायला मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

परतल्यावर अशर्फी महाल. गाइड सांगतात की बादशहाने बेगमेला, कुणी म्हणतं सुलतानाने राण्यांना, प्रत्येक पायरीमागे एक अशर्फी देऊ केली होती, म्हणजे त्या निमित्ताने चढतील तरी! इतिहास असो नसो, युक्ती उत्तम आहे. आमच्या आजोबांनी ती लगेच उचलली: पायरीमागे एक रुपया. मांडूत पायऱ्यांना तोटा नाही. परतताना गाडीत मोठा हिशेब होतो. "आजोबा, नीलकंठाच्या पायऱ्या तुम्ही धरल्याच नाहीत!" "त्या उतरलात, चढताना मी बघितलं नाही." जमलेल्या पैशांची धारला गरम जलेबी. आजोबा 74 वर्षांचे आहेत आणि पायऱ्या मोजायच्या म्हणून तेही निम्म्या चढतात, हा आमचा खरा फायदा.

मांडूच्या गोष्टींत मुलींसाठीही बरंच आहे. 1617 साली जहांगीर इथे मुक्कामाला होता. तेव्हाच्या एका शिकारीत नूरजहानने हत्तीवरून सहा गोळ्यांत चार वाघ टिपले, असं त्याने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय. धाकटीला वाघांचं वाईट वाटलं, पण नेमबाजीचं कौतुकही वाटलं.

पण तिला सगळ्यात जास्त भिडली ती धारची गोष्ट. आमच्या घराच्या गच्चीवरून दिसणाऱ्या लाल किल्ल्यात 1775 साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. आनंदीबाई तेव्हा पवारांच्या आश्रयाला होत्या. पुढे याच बाजीरावाला व्यायाम शिकवणाऱ्या बाळंभटदादा देवधरांनी विस्मरणात गेलेला मल्लखांब पुन्हा उभा केला. आणि 2013 साली मध्य प्रदेशाने त्याच मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून मान दिला. 2023 च्या सुरुवातीला खेलो इंडियाच्या युवा स्पर्धा आपल्याकडे झाल्या तेव्हा मल्लखांब उज्जैनला होता आणि मांडूखालच्या महेश्वरला नर्मदेत कयाकिंग. उज्जैनच्या योगेश मालवीयांना 2020 चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, तोही मल्लखांबाच्या प्रशिक्षणासाठी. एवढा जुना आणि इतका आपला खेळ एका यादीत नाव नाही म्हणून सोडायचा?

सोडला नाही. कोचिंगवाल्यांशी बोललो. महिन्यातले दोन रविवार टेस्टला, दोन आमचे, बुडालेली टेस्ट सोमवारी संध्याकाळी द्यायची. "नववीत हे लाड परवडत नाहीत," असं तिथे ऐकून घ्यावं लागलं. धाकटीचे बाबा शांतपणे म्हणाले, "दहावीतही परवडवू." आठवड्यात दोन सकाळी ती आता बाबांबरोबर देवासची टेकरी चढते, तुळजाभवानी आणि चामुंडा, दोन्ही देवींना नमस्कार करून साडेसहाला घरी. स्पर्धा संपल्यावर खांब मोकळा झाला तशी ती पुन्हा सरावालाही जायला लागली. पुढच्या वर्षी निवड होईल का? माहीत नाही. झाली तर जलेबी, नाही झाली तरी जलेबी.

आता मंडळाकडे दोन मागण्या, सदराच्या हक्काने.

पहिली: या थंडीत एका रविवारी मंडळाची मांडू पायवारी काढूया. तीन अंतरं ठेवू. आजी-आजोबांसाठी जहाज महालाभोवती मुंज तलाव आणि कपूर तलावाचा फेरा. मधल्यांसाठी चौकातून प्रतिध्वनीच्या जागेपर्यंत आणि परत. हौशी मंडळींसाठी थेट रूपमती. पहिला-दुसरा क्रमांक नाही, जो चालेल त्याला भुट्ट्याचा कीस आणि दाल-पानिये. प्रत्येकाने पाण्याची बाटली, टोपी आणि कचऱ्यासाठी एक पिशवी आणायची.

दुसरी: आपलं सभागृह संध्याकाळी बहुतेक दिवस रिकामं असतं. छताला एक भक्कम कडी, एक दोर, खाली जाड गाद्या आणि एक जाणता शिक्षक एवढ्यावर दोरीचा मल्लखांब सुरू होऊ शकतो. शिक्षकाशिवाय मात्र एक दिवसही नको. शाळेत ज्यांना "सध्या येऊ नका" सांगितलं जातं, त्यांना आपण "या" म्हणूया. स्नेहसंमेलनात नाटक आणि नाट्यगीतांच्या मधे या मुलांना दहा मिनिटं दिली, तर टाळ्या कमी पडणार नाहीत.

तुमच्या घरचा रविवार कसा जातो? तुमच्याकडे शेवटच्या संघातला खेळाडू आहे का? जरूर कळवा. पायवारीची तारीख कार्यकारिणीने ठरवली की पुढच्या अंकात सांगते. तोवर जिने चढत राहा, पायरीमागे रुपया मागायला विसरू नका!